पाणपक्ष्यांच्या पिसांतील उवा आणि कोळी

बालाघाटाच्या डोंगररांगेने धाराशिव जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटून दिले आहे. मांजरा आणि तेरणा गोदावरीच्या खोऱ्याकडे वळतात, तर सीना आणि बोरी या नद्या भीमेला जाऊन मिळतात. दोन्ही बाजूंचा प्रदेश अवर्षणाचा. त्यामुळे गेल्या काही दशकांत या नद्यांवर आणि त्यांच्या ओढ्या-नाल्यांवर धरणे, मध्यम प्रकल्प आणि पाझर तलाव बांधले गेले. परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापूर, तेर येथील तेरणा, लोहारा तालुक्यात माकणी येथील निम्न तेरणा, नळदुर्गजवळचा बोरी प्रकल्प आणि कळंबच्या सीमेला लागून असलेला मांजरा जलाशय ही त्यांपैकी ठळक नावे. ही सारी कामे शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी झाली. त्यांच्या नियोजनात पक्ष्यांचा विचार कोणी केला नव्हता. पक्ष्यांनी मात्र या पाण्याचा विचार ताबडतोब केला.

आज पावसाळा सरता सरता या जलाशयांवर बदकांचे थवे उतरू लागतात. भिवई बदक सर्वांच्या आधी येते. त्यामागून चक्रांग, थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक येतात. हळदी-कुंकू बदक, टिबुकली आणि वारकरी हे पक्षी वर्षभर येथे राहणारे. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा असल्यामुळे लोकांनी ज्याला वारकरी हे नाव दिले, तो पक्षी तर हिवाळ्यात शेकड्यांनी एकत्र दिसतो. फाल्गुन-चैत्रात पाणी ओसरू लागले, की पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघून जातात.

याच सुमारास उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या पट्ट्यात एखादा मेलेला पक्षी आढळतो. कोणी तो उचलतो आणि त्याच्या अंगावरून तपकिरी रंगाचे किडे भराभरा हातावर चढतात. गावात चर्चा सुरू होते. हे किडे घरात शिरतील काय? कोंबड्यांना लागतील काय? बर्ड फ्लू यांच्यामुळेच पसरतो काय? तळ्यावर औषध फवारून घ्यावे काय? ग्रामपंचायतीसमोर असे प्रश्न आले असता उत्तर देणाऱ्याजवळ नेमकी माहिती असावी लागते. नसेल तर दोनपैकी एक चूक होते: जिथे भीतीचे कारण नाही तिथे धावपळ होते, किंवा जिथे धावपळ व्हायला हवी तिथे सर्वजण स्वस्थ बसतात. यांतील दुसरी चूक अधिक महागात पडते.

पिसांवर जगणारी ऊ

पक्ष्याच्या अंगावरील ऊ आणि माणसाच्या डोक्यातील ऊ ही एकाच मोठ्या कुळातील भावंडे असली, तरी त्यांचा आहार निराळा आहे. माणसाची ऊ रक्त शोषते. पक्ष्यांच्या उवांना चावण्याचे जबडे असतात. त्या पिसांचे तंतू, कातडीचा कोंडा आणि मृत पेशी कुरतडून खातात. काही जाती कोवळ्या पिसाचे मूळ कुरतडून तेथील रक्तही घेतात. पीस हे शिंग, नख आणि केस यांच्यासारख्याच चिवट द्रव्याचे बनलेले असते. ते पचविणे सहसा कोणत्याही प्राण्याला साधत नाही. उवेच्या पोटातील सूक्ष्म जंतू या कामी तिला साहाय्य करतात. जगात पक्ष्यांवरील उवांच्या चार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पक्ष्याला त्याची स्वतःची उवांची मंडळी लाभलेली आहे.

ऊ आपले सर्व आयुष्य पक्ष्याच्या अंगावर काढते. अंडी, म्हणजेच लिखा, ती पिसाच्या तंतूंना डिंकासारख्या द्रव्याने चिकटविते. त्यांतून बाहेर पडणारे पिल्लू रूपाने आईसारखेच असते; ते तीन वेळा कात टाकून प्रौढ होते. या सर्व क्रमाला साधारणपणे तीन ते चार आठवडे लागतात. सुरवंट, कोष, फुलपाखरू असा प्रकार येथे नाही. बाहेरच्या जगात राहण्याची तिला सवयच नाही. पक्ष्याच्या अंगाची ऊब आणि पिसांतील दमट हवा सुटली, की ती काही दिवसांतच मरते. पक्षी मेला, म्हणजे त्याचे अंग गार पडू लागताच उवा अस्वस्थ होऊन पिसांच्या वर येतात. मेलेले बदक उचलणाऱ्याच्या हातावर किडे चढतात ते यामुळे. ते त्या माणसावर हल्ला करीत नसतात. बुडत्या घरातून बाहेर पडत असतात. माणसाच्या अंगावर त्यांना खायला पीस नाही आणि अंडी चिकटवायलाही पीस नाही. हात साबणाने धुतले, कपडे झटकून धुतले, की तो विषय तेथेच संपतो.

बदकाच्या अंगावर एका वेळी अनेक जातींच्या उवा राहू शकतात आणि त्यांनी अंगाची वाटणी करून घेतलेली असते. पंखांवर राहणारी अनॅटिकोला ही लांबट, चपटी आणि सडपातळ असते. उड्डाणाच्या मोठ्या पिसांच्या दोन तंतूंमधील खाचेत ती सुतासारखी पडून राहते. डोक्यावर राहणारी अनॅटिकस आखूड आणि वाटोळी असते. ती चपळ नाही, तशी तिला गरजही नाही, कारण बदकाची चोच त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. तिसरी ट्रायनोटॉन ही आकाराने मोठी, डोळ्यांना सहज दिसणारी आणि अतिशय वेगाने पळणारी. अंगावर तिचे ठरावीक ठिकाण नाही. हातावर चढणारी असते ती बहुधा हीच.

या उवा निरोगी पक्ष्याला फारसा त्रास देत नाहीत. मात्र पक्षी जखमी, उपाशी किंवा रोगी झाला, की तो पिसे साफ करणे सोडून देतो आणि उवांची संख्या भराभर वाढते. म्हणूनच मेलेल्या पक्ष्यावर उवांचा सुळसुळाट दिसला, तर उवांनी पक्षी मारला असा निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. पक्षी आधी आजारी पडलेला असतो आणि उवा त्या आजाराची साक्ष देत असतात. हा एक मुद्दा जरी पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवला, तरी पुष्कळसा गोंधळ टळेल. किड्यांकडे बोट दाखवून मूळ कारणाचा शोध थांबविणे हा येथील खरा धोका आहे.

काही अपवाद आहेत. होलोमेनोपॉन नावाची ऊ वाढली असता बदकांची पिसे पाणी धरू लागतात, पक्षी भिजतो आणि गारठतो, असे बदकपालनात आढळून आले आहे. हंस आणि राजहंसांच्या अंगावरील ट्रायनोटॉनची एक जात त्यांच्या हृदयात राहणाऱ्या एका सूत्रकृमीचा प्रसार करते. वारकरी पक्ष्याच्या घोट्यातील स्नायुबंधांपाशी राहणारा एक कृमी देखील त्याच्या उवेमार्फतच एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो, असे कॅनडातील संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. डास जसा हत्तीरोगाचे कृमी वाहून नेतो, त्यातलाच हा प्रकार. पण हे कृमी पक्ष्यांपुरतेच आहेत.

चोचीचे काम

तळ्याच्या काठावर तासभर स्वस्थ बसून बदकांकडे पाहिले, तर ती खाण्याइतकाच वेळ अंग साफ करण्यात घालवितात असे वाटू लागते. निरनिराळ्या पक्ष्यांच्या निरीक्षणांवरून दिवसाचा सरासरी नऊ टक्के वेळ पक्षी अंगाच्या निगेसाठी देतात, असे अनुमान निघाले आहे. बदक शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून चोचीने तेल घेते आणि ते पिसांना चोळते. याच खटपटीत उवा चिरडल्या जातात.

चोचीचा आणि उवेचा संबंध किती निकटचा आहे, हे अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारव्यांवर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पारव्याच्या वरच्या चोचीचे टोक खालच्या चोचीच्या किंचित पुढे आलेले असते. तेवढेच टोक घासून काढले असता दाणे टिपण्यात पक्ष्याला अडचण आली नाही, परंतु त्याच्या अंगावरील उवा मात्र झपाट्याने वाढल्या. म्हणजे चोचीचा आकार केवळ खाण्यासाठी घडलेला नाही. चोचीपासून बचाव करण्यासाठी उवांनीही आपल्या परीने उपाय केलेले आहेत. पांढऱ्या पक्ष्यांवरील अंगाच्या उवा फिकट, तर काळ्या पक्ष्यांवरील उवा गडद रंगाच्या असतात. डोक्यावरील उवांमध्ये मात्र हा मेळ आढळत नाही. जिथे चोच पोहोचत नाही, तिथे लपण्याचे कारणच उरत नाही.

परसातली कोंबडी चोचीच्या जोडीला दुसरा उपाय योजते. उकिरड्याच्या कडेला किंवा चुलीच्या राखेत ती खळगा करून लोळते. कोरडी माती आणि राख पिसांत शिरून उवांना नकोसे करून सोडते. घरातील जाणत्या स्त्रिया खुराड्यापाशी राख टाकून ठेवतात, त्यामागचे कारण हेच.

रोहित पक्ष्याचे कोडे

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयावर रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात, मोठ्या संख्येने येतात हे सर्वश्रुत आहे. या पक्ष्यांचे नातेवाईक कोण, हा पक्षिशास्त्रातील जुना वाद. लांब पाय पाहावेत तर तो करकोच्यांचा वाटतो. पायांतील पडदे आणि चोचीतील गाळणी पाहावी तर बदकांचा वाटतो. या वादात उवांची साक्ष काढण्यात आली. उवा सहसा एका पक्ष्यावरून परक्या पक्ष्यावर जात नाहीत. आईबापांच्या अंगावरून त्या घरट्यातच पिल्लांच्या अंगावर चढतात आणि वंश पुढे चालू राहतो. तेव्हा दोन पक्ष्यांवर एकाच घराण्यातील उवा असतील, तर ते पक्षीही एकाच पूर्वजाचे असले पाहिजेत, असा हा तर्क होता. रोहितावर वर उल्लेखिलेल्या अनॅटिकोला, अनॅटिकस आणि ट्रायनोटॉन या तीनही घराण्यांतील उवा आढळतात. करकोच्यांवर त्या नाहीत. ब्रिटिश संशोधिका थेरेसा क्ले यांच्यासारख्या उवांच्या अभ्यासकांना ही साक्ष फार मोलाची वाटली. मिरियम रॉथ्सचाइल्ड यांच्यासह त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला पक्ष्यांच्या परजीवींवरील ग्रंथ आजही वाचला जातो.

पुढे आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेची साधने हाती आली आणि २००१ पासून निराळेच चित्र पुढे येऊ लागले. रोहिताचा सर्वांत जवळचा आप्त करकोचा नव्हे आणि बदकही नव्हे. तो आहे टिबुकली! धाराशिवच्या कोणत्याही गावतळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा हा मुठीएवढा पक्षी उजनीवरील त्या उंच, गुलाबी पाहुण्याचा भाऊबंद निघाला. मग उवांची साक्ष खोटी होती काय? २००६ साली उवांच्याच आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करण्यात आला. त्यावरून दिसले, की रोहितावरील उवांचे बदकांवरील उवांशी नाते खरे आहे. परंतु ते पक्ष्यांच्या रक्तसंबंधातून आलेले नाही. एकाच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यामुळे फार पूर्वी कधीतरी उवांनी घर बदलले. अशी घरबदली दुर्मीळ असते, पण लक्षावधी वर्षांच्या हिशेबात ती घडते. साक्षीदार खरे बोलत होता. प्रश्न विचारणाऱ्यांनी अर्थ वेगळा लावला. शिक्षकांना वर्गात विज्ञानाची रीत समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्या देशातही या विषयाकडे दुर्लक्ष झालेले नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने पक्ष्यांवरील उवांचे नमुने जमविले असून के. व्ही. लक्ष्मीनारायण यांनी भारत व शेजारील देशांतील या उवांची सूची १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे.

आठ पायांचे रहिवासी

उवेला सहा पाय असतात. पिसांतील दुसरे रहिवासी आठ पायांचे असून ते कोळ्यांच्या वर्गात मोडतात. मिरची, वांगी, कापूस यांवर पडणारा लाल कोळी शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पक्ष्यांवरील कोळी त्याचेच दूरचे नातलग. इंग्रजीवरून त्यांना माइट असेही म्हणतात. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असल्यामुळे सहसा नजरेस पडत नाहीत.

त्यांत भले-बुरे असे दोन्ही प्रकार आहेत आणि येथेच बरीच गल्लत होते. बदकांच्या पंखांवर राहणारे फ्रेयाना जातीचे कोळी पिसाच्या खालच्या बाजूस, तंतूंमधील चरांत रांगेने बसलेले असतात. ते कातडीला शिवत नाहीत आणि रक्तही पीत नाहीत. अशा पीस-कोळ्यांच्या पोटातील अन्नाचे परीक्षण २०१८ च्या सुमारास करण्यात आले, तेव्हा त्यात प्रामुख्याने बुरशी आणि जीवाणू सापडले. म्हणजे हे कोळी पिसांवरील बुरशी आणि जुने तेल खाऊन एका अर्थी झाडलोट करतात. त्यांना परजीवी म्हणावे की गडी, हा प्रश्नच आहे. काही लहान पक्ष्यांत असेही आढळले आहे, की जे पीस लवकरच गळणार, ते हे कोळी आधीच सोडून देतात आणि शेजारच्या पिसावर जातात.

दुसरे काही कोळी पक्ष्याच्या नाकपुडीत राहतात, तर काही पिसाच्या पोकळ दांड्यात. ते पाणपक्ष्यांवर आढळतात, माणसांशी त्यांचा संबंध येत नाही.

रक्त पिणारे कोळी मात्र निराळे. त्यांचे मुख्य स्थान जलाशय नसून खुराडे, पारव्यांची वळचण आणि चिमण्यांची घरटी हे होय. कोंबड्यांचा लाल कोळी दिवसा लाकडाच्या फटीत लपतो आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो. अन्नावाचून तो कित्येक महिने तग धरू शकतो. उष्ण प्रदेशात आढळणारा आणखी एक कोळी कोंबडीच्या अंगावर आणि घरट्यात राहतो. कोंबडी उठून गेली किंवा पारव्याचे घरटे रिकामे झाले, की हे भुकेले कोळी माणसाला चावतात. अंगावर बारीक पुरळ उठते आणि खाज सुटते. घरात अशी खाज सुरू झाली, तर तळ्यावरील बदकांना दोष देण्याआधी छपराखालची वळचण पाहावी.

शाळांमधून हा विषय शिकविताना कोंबडीचे गळालेले पीस पुरेसे आहे. वन्य पक्ष्यांची पिसे विद्यार्थ्यांना गोळा करावयास सांगू नये. ते आरोग्याच्या दृष्टीने इष्ट नाही आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे ते अडचणीचेही ठरू शकते. घरच्या निरोगी कोंबडीचे पंखाचे पीस पारदर्शक पिशवीत बंद करून उजेडासमोर धरावे आणि साध्या भिंगाने पाहावे. तंतूंच्या मधोमध ठिपके किंवा दांड्याला चिकटलेल्या लिखा दिसल्या, तर त्यांचे चित्र काढून घ्यावे.

गोचीड आणि १९५९ ची पाहणी

पक्ष्यांच्या अंगावरील जीवांमुळे दूरदेशीचे रोग येतात काय, या प्रश्नाचा या देशात फार गांभीर्याने अभ्यास झालेला आहे आणि त्यात महाराष्ट्रातील दोन संस्थांचा मोठा वाटा आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने या तापाचा विषाणू शोधून काढला. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. हा विषाणू रशियातील गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. साहजिकच संशय सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला. त्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तर हा रोग आला नसेल?

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. हजारो पक्षी जाळ्यात धरले गेले, त्यांच्या अंगावरील गोचीड आणि इतर परजीवी वेचून तपासणीसाठी पाठविण्यात आले आणि पक्षी सोडून देण्यात आले. राजस्थानातील भरतपूर हे पाणपक्ष्यांसाठी या कामाचे प्रमुख ठाणे होते. पुढे या कामाला अमेरिकन सैन्याकडूनही निधी मिळाला. १९७० च्या दशकाच्या मध्यास संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याच्या ज्या संशोधन प्रकल्पांची छाननी केली, त्यांत याचाही समावेश होता. कड्यांमुळे मिळालेल्या माहितीतून मात्र भारतातील बदके मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत जातात, हे प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाले. आज आपण जे स्थलांतराचे नकाशे पाहतो, त्यांचा पाया या कामाने घातला.

वनज्वराचे मूळ अखेर स्थानिकच ठरले. जंगलातील हिमाफायसॅलिस नावाची गोचीड, लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यातच त्याचे चक्र फिरते. २०१६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला. तेथे त्याला माकडताप म्हणतात. सह्याद्रीच्या ओलसर वनांचा हा रोग. जमिनीलगत गवत-झुडपांत चरणाऱ्या पक्ष्यांना गोचिडांची पिल्ले अधिक लागतात; दिवसाचा बराच वेळ पाण्यावर काढणाऱ्या बदकांची त्यांच्याशी गाठ कमी पडते.

गवताच्या संदर्भात आणखी एका कोळ्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. झुडपी टायफस हा ताप एका कोळ्याच्या अतिसूक्ष्म पिल्लांच्या चाव्याने होतो. ही पिल्ले उंदरांवर वाढतात आणि गवतात वाट पाहत बसतात. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत या तापाचे अनेक रुग्ण आढळले. पावसाळ्यानंतर तलावाच्या काठी गवत कापणाऱ्या, गुरे राखणाऱ्या व्यक्तीला तीव्र ताप आला आणि अंगावर कोठे काळी खपली आढळली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती खपली डॉक्टरांना अवश्य दाखवावी. वेळीच ओळख पटल्यास या रोगावर औषध आहे. येथेही पक्ष्यांचा दोष नाही, उंदरांचा आहे. परंतु ताप तळ्यावरून आला एवढ्यावरून संशय पक्ष्यांवर गेला आणि खपली दाखवायची राहून गेली, तर नुकसान रुग्णाचे होते.

खुराडे आणि किनारा

रानबदकाची ऊ गावठी कोंबडीवर टिकत नाही. कोंबडीच्या उवा वेगळ्या आणि त्या कोंबडीकडूनच कोंबडीला लागतात. बाजारातून आणलेला नवा पक्षी हे त्यांचे येण्याचे नेहमीचे दार. पाळीव बदकांची गोष्ट थोडी निराळी आहे. बहुतेक पाळीव बदके रानबदकांपासूनच निपजलेली असल्यामुळे दोघांच्या उवा समान असतात. ज्यांनी बदके पाळली आहेत, त्यांनी ती जलाशयात मोकळी सोडू नयेत.

खुराड्यातील खरा शत्रू म्हणजे कोंबड्यांची गोचीड. ती मातीच्या भिंतींच्या आणि लाकडाच्या फटींत दिवसभर दडून राहते, रात्री रक्त पिते आणि कोंबड्यांमध्ये एका जीवघेण्या तापाचा प्रसारही करते. खुराड्याच्या फटी लिंपणे, चुना देणे, जुने डालगे उन्हात टाकणे आणि कोरड्या राख-मातीची पेटी ठेवणे हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत. पिकावर फवारण्याचे कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर टाकण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते, ती अत्यंत घातक आहे. त्याने पक्षी मरतात आणि विषाचा अंश अंड्यांत उतरतो. कोणते औषध किती प्रमाणात द्यावे, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच विचारून घ्यावे. तळ्याच्या पाण्यावर किंवा काठावर औषध फवारण्याचा तर विचारही करू नये. त्याने पक्ष्यांच्या अंगातील एकही ऊ मरणार नाही. मासे मात्र मरतील आणि तेच पाणी गुरे पितील.

मृत पक्षी आढळल्यास

बर्ड फ्लूचा विषाणू उवांच्या भरवशावर पसरत नाही. तो रोगी पक्ष्याची विष्ठा, लाळ आणि नाकातील स्राव यांतून आणि त्यांनी दूषित झालेले पाणी, खाद्य, पादत्राणे, वाहने यांतून पसरतो. भारतातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आठशेच्या आसपास कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मृत कावळ्यांत हा रोग आढळला. परभणी आणि लातूर दोन्ही मराठवाड्यातील. उदगीर तर शेजारच्याच जिल्ह्यातील. धाराशिव जिल्ह्यातील पंचायतींनी हा विषय दूरचा मानण्याचे कारण नाही.

एखाद-दुसरा पक्षी विजेच्या तारेला धडकून, जाळ्यात अडकून किंवा कुत्र्याच्या तावडीत सापडूनही मरतो. मात्र एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, मान वाकडी झालेले किंवा उडता न येणारे पक्षी आढळले, अथवा त्याच सुमारास गावातील कोंबड्या किंवा कावळे मरू लागले, तर पक्ष्यांना हात न लावता खबर द्यावी. मुलांना आणि कुत्र्यांना तेथून दूर ठेवावे. मेलेली बदके खाण्यासाठी घरी नेण्याचा मोह काहींना होतो, त्यांना स्पष्टपणे रोखावे. नाइलाजाने हात लावावा लागलाच, तर हातावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, नाक-तोंड झाकावे आणि नंतर साबणाने हात धुवावे.

खबर कोणी द्यावी, याविषयी कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अनुसूचीतील रोगाची शंका आल्यास पशुमालकाने, तसेच इतर संबंधितांनी ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीस ते कळवावयाचे असते आणि तेथून ते लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकाकडे जावयाचे असते. बर्ड फ्लू हा या अनुसूचीतील रोग आहे. वन्य पक्षी असल्यास वन विभागालाही कळवावे. लेखी खबरीत गावाचे व जलाशयाचे नाव, पक्षी पहिल्यांदा दिसल्याचा दिवस, अंदाजे संख्या, शक्य तर जात आणि आसपासच्या कोंबड्यांची स्थिती एवढी माहिती असली, म्हणजे पशुधन विकास अधिकाऱ्यांचे काम सोपे होते. नमुने पुण्यातील रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. अहवाल येण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंत गावातील कोंबड्या खुराड्यातच ठेवाव्यात, त्यांना तलावाचे पाणी पाजू नये आणि त्या परिसरातून पक्ष्यांची ने-आण करू नये.